पंधरा पूर्णांक दोन

“मामा, हा सेल कुठल्या खोक्यातला?”

“सप्टेंबरच्या. का?”

“तेव्हा चौदा पूर्णांक सात भरला होता ना?”

मुळीकमामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मेणकागदाच्या पाकिटावरचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. “चौदा पूर्णांक सात. तुमचंच अक्षर आहे, ताई.”

“आत्ता पंधरा पूर्णांक सहा दाखवतोय.”

“मग वाढला की. लोणच्यागत मुरला असंल.”

मला हसू आलं नाही. सिलिकॉन मुरत नाही. मेणकागदात तीन महिने पडलेला सौर सेल बिघडू शकतो, तडकू शकतो, पण सुधारत नाही. मेलेल्या माणसाची उंची वाढत नाही, तसंच ते.

ही तीन डिसेंबरची संध्याकाळ, साडेपाचची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला निधी देणाऱ्या खात्याची समिती आमची प्रयोगशाळा तपासायला येणार होती. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. वेळा मला अजून पाठ आहेत, कारण त्या दिवशी मी सारखी घड्याळ बघत होते.

आमची संस्था साताऱ्याजवळच्या एका उघड्या माळावर होती. तिथं डॉ. यशवंत केंजळे पातळ सिलिकॉनचे सौर सेल बनवत. बाजारातला सेल जवळपास दोनशे मायक्रॉन जाडीचा; आमचा चाळीसचा, केसाहून पातळ. चिमटीत धरला तर पत्त्यासारखा वाकायचा, टेबलावर आपटला तर त्याचा चुरा व्हायचा. सर म्हणायचे, “सोन्याचा वर्ख करतात ना, तसं सिलिकॉनचं करायचं. एक पंचमांश मालात काम भागलं तर हे पत्रे गरिबाच्या घरावरही दिसतील.” अडचण एकच होती. सेल पातळ केला की उजेड त्यातून निसटतो आणि वीज कमी मिळते. म्हणून तीन वर्षांपूर्वी निधीच्या अर्जात सरांनी स्वतःच्या हातानं अट घालून घेतली होती: सेलवर पडणाऱ्या उजेडातला सोळा टक्के भाग विजेत उतरला पाहिजे. तो उतरला तर पुढची पाच वर्षं निधी मिळेल. नाही तर मार्चअखेर प्रयोगशाळेला कुलूप.

कुलूप म्हणजे काय, ते आम्हा दोघांना नीट माहीत होतं. मी पंचवीस वर्षांची होते आणि माझी पीएचडी अर्ध्यात होती. मुळीकमामा आमचे तंत्रज्ञ. अकरा वर्षं काम करूनही त्यांची नोकरी प्रकल्पावरचीच राहिली होती. प्रकल्प संपला की नोकरी संपली. त्यांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

वर्षभर आम्ही पंधराच्या आसपास अडकलो होतो. मग सरांनी सेलवर द्यायचा लेप बदलला, आणि दसरा झाल्यावर नव्या लेपाचा पहिलाच सेल सोळा पूर्णांक एक भरला. त्यानंतर सगळेच सोळाच्या वर. सर कधी उत्साहात येणारे नव्हेत, पण त्या दिवशी त्यांनी कंदी पेढे आणले. जुना सेल पुन्हा मोजून बघावा असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आमचा नियमच होता: एकदा मोजलेला सेल पुन्हा हाताळायचा नाही, तडकतो. तीन तारखेला मी तो नियम मोडला. समितीपुढे लेपाच्या ‘आधी’चा आणि ‘नंतर’चा सेल शेजारी शेजारी मांडायचा होता.

“सरांना फोन करायचा का?” मामांनी विचारलं.

“नको. दिवा तापला असेल. सकाळी बघू.”

सकाळी सहा वीसला मी वसतिगृहातून निघून प्रयोगशाळेत पोचले. दार लोटलेलं होतं, आत ट्यूब लागलेली होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सेल उन्हात मोजता येत नाही, ऊन दर मिनिटाला बदलतं. म्हणून आमच्याकडे सूर्यासारखा उजेड देणारा एक मोठा दिवा होता. तो नेमका सूर्याएवढा झाला की नाही, हे ठरवायला संदर्भ-सेल होता: पितळी डबीत बसवलेला, वर काच, परदेशात मोजून आणलेला. खऱ्या उन्हात तो किती वीज देतो, ते त्याच्या दाखल्यावर लिहिलेलं होतं. एकशे चोवीस. रोज सकाळी ती डबी दिव्याखाली ठेवायची आणि मीटरवर एकशे चोवीस येईपर्यंत दिव्याची गुंडी फिरवायची. मग तो दिवा म्हणजे सूर्य. वाण्याचं किलोचं वजन असतं तसं आमचं हे वजन. गुंडी फिरवायचं काम अकरा वर्षं मामांकडे होतं.

मामा त्या डबीसमोर अनवाणी उभे होते. डाव्या हातात कुंकवाचा करंडा. उजव्या हाताची अनामिका त्यांनी करंड्यात बुडवली, डबीच्या काचेवर मधोमध टिळा लावला, हात जोडले, डोळे मिटले. मग खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं काच पुसली.

“मामा!”

ते दचकलेसुद्धा नाहीत. “आलात? बरं झालं. आज मोठा दिवस. तुम्हीपण हात जोडा.”

“हे काय करताय?”

“टिळा. खंडेनवमीला लावला नव्हता का सगळ्या यंत्रांना? झेंडू तर तुम्हीच ओवला होता.”

“ते खंडेनवमीला. आज कशाला?”

“आज?” मामा हसले. “रोज लावतो की. खंडेनवमीला लावला आणि दसरा झाल्यावर पहिलाच सेल सोळा! म्हणलं, आता मोडायचं नाही. सरांना असलं चालत नाही, म्हणून सहाला येतो, लावतो आणि लगेच पुसून टाकतो. डाग ठेवत नाही.”

“कुंकू कशात कालवता?”

“खोबरेलात. कोरडं कुंकू काचेवर बसत नाही.”

मामांनी करंडा खिडकीत ठेवला, चपला घातल्या. “मी फाटकावर जाऊन येतो. हारवाला साडेसहाला येणार आहे. पाहुणे दाराशी आले आणि हार नाही, असं व्हायला नको.”

ते गेले. मी दिवा लावला. डबी दिव्याखाली ठेवली आणि मीटर एकशे चोवीसवर आणला. मग कापसावर स्पिरिट घेऊन काच पुसली. कापूस पिवळसर तांबडा झाला. मान वर केली.

एकशे एकतीस.

गुंडीला हात लावला नव्हता. दिवा तोच होता. नुसती काच साफ झाली होती आणि आकडा सातानं उडाला होता. म्हणजे सहा आठवडे काचेवरच्या त्या तेलकट थरानं थोडा उजेड अडवला होता. आमचं वजन हलकं भरत होतं, आणि ते भरून काढायला आम्ही रोज दिवा वाढवत होतो. आमचे सेल सूर्यापेक्षा जास्त उजेडात मोजले जात होते आणि आम्ही त्याला सूर्य समजत होतो.

मी गुंडी मागे फिरवून पुन्हा एकशे चोवीसवर आणली. आमचा सगळ्यात चांगला सेल, समितीला दाखवायचा तो, दिव्याखाली ठेवला.

पंधरा पूर्णांक दोन.

स्टुलावर बसले. किती वेळ, सांगता येत नाही. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा सहा बेचाळीस झाले होते. पुढचं मी सोळा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी उठले, खिडकीतला करंडा घेतला, अनामिका बुडवली आणि साफ केलेल्या काचेवर टिळा लावला. मामांचा पंचा खुर्चीवर होता, त्याच्या टोकानं पुसला. मामा पुसायचे तसाच, फार जोर न देता. दिवा पुन्हा एकशे चोवीसवर आणला, सेल मोजला.

सोळा पूर्णांक एक.

शहानिशा करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. शंका असली तर दोनदा मोजावं, असं सरच म्हणायचे. पण शहानिशा झाल्यावर काच पुन्हा साफ करायला हवी होती. मी केली नाही. स्पिरिटचा कापूस मी पर्समध्ये टाकला.

सात वाजता मामा हार घेऊन आले. माझ्याकडे न बघता त्यांनी हार पाण्याच्या बादलीत सोडले. मग डबीजवळ गेले.

“झालं का मोजून, ताई?”

“झालं.”

“काच पुसू का अजून एकदा?”

“नको. आहे तशी राहू द्या.”

त्यांनी डबीकडे गेलेला हात मागे घेतला. “बरं,” म्हणाले आणि बाहेर गेले. त्यानंतर नऊपर्यंत मला ते कुठं दिसले नाहीत. मी पाट्या लिहिल्या, खुर्च्या मांडल्या. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे सेल समोरासमोर ठेवले.

केंजळे सर रोज नऊच्या ठोक्याला यायचे. त्या दिवशी नऊ चाळीसला आले. मामा त्यांच्या मागून सायकल ढकलत. सर सरळ माझ्या टेबलाशी आले, चष्मा काढला आणि रुमालानं काचा पुसू लागले.

“सुलक्षणा, सगळं तयार?”

“हो, सर.”

“तुला काही सांगायचंय का मला?”

चष्म्याच्या दोन्ही काचा पुसून झाल्या तरी ते पुसतच होते.

“नाही, सर.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्या खोलीत गेले.

समितीत तिघं होते. अध्यक्ष डॉ. बोकारे नागपूरचे. मोठ्या आवाजाचे, हसरे. आल्या आल्या म्हणाले, “केंजळे, तुमचा हा माळ बघून मला वाटलं, सौर सेल कशाला, इथं माणूसच भाजून निघेल! डिसेंबरात असं ऊन?” सगळे हसले. सरांनी वीस मिनिटं माहिती दिली. पातळ सिलिकॉन, नवा लेप, कुठं काय जमलं, कुठं जमलं नाही. मी ऐकत होते आणि एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. सोळा पूर्णांक एक हा आकडा त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

“आता दाखवा,” बोकारे म्हणाले. “आम्हाला आकडा डोळ्यांनी बघायचा आहे.”

अकरा वाजून दहा मिनिटं. मामांनी डबी दिव्याखाली ठेवली, गुंडी फिरवली. मीटर एकशे चोवीसवर आला.

“हा सूर्य,” सर समितीला म्हणाले. “निदान गेले सहा आठवडे आम्ही याला सूर्य म्हणतोय. मामा, कापूस.”

मामांनी खिशातून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढली. आधीपासूनच खिशात होती. सरांनी स्वतः काच पुसली, हळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि कापूस पांढऱ्या बशीत समितीपुढे ठेवला. पिवळसर तांबडा.

मीटर एकशे एकतीस.

माझ्या कानात दिव्याच्या पंख्याचा आवाज घुमायला लागला. मी टेबलाची कड धरली.

“हे काय आहे?” बोकारेंचं हसू गेलं होतं.

“संदर्भ-सेलच्या काचेवर थर होता. त्यामुळे आम्ही दिवा जास्त लावत होतो. मी पाठवलेल्या अहवालातले दसऱ्यानंतरचे सगळे आकडे चुकीचे आहेत. खरा आकडा आता बघा.” सरांनी गुंडी मागे फिरवली, सेल ठेवला, नोंदवहीत लिहिलं. त्यांची सवय होती: कुठलाही आकडा लिहिला की पुढं तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ. वेळ नसलेला आकडा म्हणजे अफवा, असं ते म्हणायचे. त्यांनी वही समितीकडे वळवली. पंधरा पूर्णांक दोन, चार डिसेंबर, अकरा वाजून सोळा.

“केंजळे, तुम्ही आम्हाला दाखवायला बोलावलं की कबूल करायला?”

“मोजायला बोलावलं.”

“काच कोणी घाण केली?”

“प्रयोगशाळा माझी आहे.”

“मी नाव विचारतोय.”

“तेच सांगितलं.”

मामा भिंतीशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं, आणि सरांनी त्यांच्याकडे न बघता डावा हात किंचित वर केलेलाही पाहिला. मामांनी तोंड मिटलं. मला वाटलं, काच कशानं घाण झाली ते त्यांना कळलेलंच नाही. ते फक्त सरांची बाजू घ्यायला पुढं होत होते.

बोकारेंनी फाइल बंद केली. “पंधरा पूर्णांक दोन वाईट नाही हो. चाळीस मायक्रॉनला मी तर म्हणेन चांगलाच आहे. पण सोळाची अट तुमच्या अक्षरात आहे. ती नसती तर मी काहीतरी केलं असतं. आता हा कागद पुढं जात नाही.”

“मला माहीत आहे,” सर म्हणाले. “जेवून जा.”

जेवण झालं. दहा माणसांसाठी श्रीखंड मागवलं होतं, बरंचसं उरलं. दीड वाजता गाडी गेली. मी भांडारात जाऊन दार लावलं आणि पर्समधला कापूस काढून हातात धरून बसले. सरांनी काच का पुसली? मला एकच उत्तर सुचलं: ते सर होते. बाहेरच्या माणसापुढं मोजायचं तर आधी काच पुसणारच. कापसाचा रंग बघून त्यांना तिथल्या तिथं सगळं उलगडलं असणार. मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांना निदान तयारीला तीन तास मिळाले असते. मी त्यांना समितीपुढं आंधळं उभं केलं होतं.

पाच वाजता मी त्यांच्या खोलीच्या दारात गेले. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.

“ये,” ते म्हणाले. टेबलावरून एक पाकीट माझ्याकडे सरकवलं. “पुण्याच्या मोजमाप केंद्रात जागा निघतेय. हे माझं पत्र. मार्चपर्यंत थांबू नकोस, उद्याच अर्ज टाक.”

“सर, मी...”

“उशीर झालाय. मामांना चहा सांगायचा राहिलाय माझा.”

ते उठून बाहेर गेले. मी पाकीट घेऊन तिथंच उभी राहिले.

मार्चमध्ये प्रयोगशाळा बंद झाली. सर आणखी चार वर्षं संस्थेत शिकवत राहिले. मामांनी कोरेगावला जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं भरून द्यायचं दुकान टाकलं. मला पुण्यात नोकरी लागली. आज त्या केंद्रात देशभरातून येणारे सौर सेल मी मोजते. माझ्या हाताखालच्या मुलांना मी त्या दिवसाची गोष्ट दरवर्षी सांगते: एका माणसानं समितीपुढं स्वतःच्या हातानं काच पुसली आणि निधी घालवला. मुलं भारावून ऐकतात. सहा बेचाळीस ते सात वाजेपर्यंतचं मी गाळते.

सर गेल्या फेब्रुवारीत गेले. शोकसभा संस्थेतच होती. भाषणं चालू असताना मी बाहेर पायरीवर येऊन बसले. मामा आधीपासून तिथं होते, केस पांढरे झालेले, हातात दोन कप. एक माझ्यापुढं केला.

“पोरगी कशी आहे?” मी विचारलं.

“साताऱ्याला सरकारी दवाखान्यात. हेड नर्स. दुकान आता जावई बघतो.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “ताई, एक बोलायचंय. सर होते तोवर बोलायचं नव्हतं.”

“बोला ना.”

“त्या दिवशी सकाळी मी फाटकावर लगेच गेलोच नाही. जिन्यात लक्षात आलं, पंचा खुर्चीवर राहिला. परत आलो. आपल्या दाराला काच होती.”

कप माझ्या हातात होता. तो पायरीवर ठेवावा एवढंही मला सुचलं नाही.

“तुम्ही कापसानं पुसलंत आणि आकडा उडाला. अकरा वर्षं ती गुंडी मी फिरवत होतो, ताई. वजन हलकं झालं की तराजू काय बोलतो, ते मला कळणार नाही होय? म्हणलं, माझ्या ह्या बोटानं सहा आठवडे सगळं खोटं केलं. आत येऊन तुमचे पाय धरणार होतो. तेवढ्यात तुम्ही करंडा उचललात.”

आत कुणीतरी माइकवर खोकलं. दुसरं भाषण सुरू झालं.

“मग फाटकावर गेलो, हार घेतले, आलो. आणि विचारलं, काच पुसू का. आठवतं?”

“आठवतं.”

“मला वाटलं होतं, तुम्ही पुसा म्हणाल.”

मामांनी आपला कप पायरीवर ठेवला.

“मग सायकल काढली आणि सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. आधी माझं, मग तुमचं.”

“मामा, तुमची नोकरी जाणार होती.”

“जाणार होतीच की.” त्यांनी खांदे उडवले. “घरी कारभारीण म्हणाली, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? म्हणलं, विचारलं नव्हतं, तेच वाईट होतं.”

“सर काय म्हणाले?”

“चहा गार झाला त्यांचा. मग म्हणाले, मी तिला एकदा विचारतो. तिनं सांगितलं तर समितीपुढं तीच पुसेल. शोध तिचा आहे, नावही तिचं होईल. नाही सांगितलं तर मी पुसतो.”

मला तो रुमाल दिसला. पुसून झालेल्या काचा पुसत राहिलेला.

“मी म्हणलं, सर, पोरीच्या मनात वाईट नव्हतं, भेदरली होती. तुम्ही म्हणत होता ती तिची पुण्याची जागा घालवू नका. तर म्हणाले, तिचं पत्र मी कालच लिहून ठेवलंय. त्यात आता काही बदलत नाही. आणि मला शपथ घातली. तिला यातलं काही सांगायचं नाही.” मामांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, चहा माझ्या साडीवर सांडला होता. “आता सर गेले. शपथ सुटली असं मी धरलं. चुकलं का माझं?”

“नाही, मामा.”

त्या रात्री पुण्याला पोचल्यावर मी कपाटातून ते पत्र काढलं. मला ते तोंडपाठ होतं. सात ओळींचं, निळ्या शाईत. शेवटची ओळ अशी: ‘कुमारी सुलक्षणा पिसाळ हिनं दिलेला आकडा मी पुन्हा तपासून बघत नाही.’ सोळा वर्षं ती ओळ वाचून मला वाटायचं, त्यांना कळलं असतं तर त्यांनी ही लिहिली नसती.

ओळीखाली सही होती. सहीखाली, प्रत्येक आकड्यापुढं लिहायचे तशी, तारीख आणि वेळ. ‘काल’ची नव्हती. चार डिसेंबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं.